बारावा माग

विजेच्या बिलातला नवा आकार रद्द झाला, तर वैजयंता दिवटेचे महिन्याला चारशे बारा रुपये वाचणार होते. युनिटमागे दोन रुपये, आणि घरातली वीज महिन्याला सरासरी दोनशे सहा युनिट. हा हिशेब तिनं स्वतः पेन्सिलीनं केला होता आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. या चारशे बारांसाठी ती त्या वर्षात चार वेळा मुंबईला नियामक आयोगाकडे जाऊन आली, अकराशे पानांच्या झेरॉक्स काढल्या, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि दोन लग्नं व एक बारसं बुडवलं. बारशाचं तिला फारसं वाईट वाटलं नाही; तिथे आहेर द्यावा लागला असता.

"परवडतं कसं गं तुला?" शेजारणी विचारायच्या.

"मला नाहीच परवडत," वैजयंता म्हणायची, "पण त्यांनाही परवडू द्यायचं नाही, एवढंच."

‘ते’ म्हणजे सह्यतेज वीज वितरण कंपनी. साल दोन हजार छत्तीस. सांगली जिल्ह्याच्या कोपऱ्यात, येरळेच्या काठावर येरळापूर नावाचं गाव. वीजग्राहक तेवीस हजार, यंत्रमाग अकरा हजार. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं, की गावात शंभर युनिट वीज शिरते आणि बिलं फक्त ब्याऐंशीची होतात. उरलेली अठरा युनिटं मागवाले चोरतात. चोर सापडत नाहीत, म्हणून ती अठरा युनिटं सगळ्या गावानं वाटून भरायची. या वाटणीला कंपनीनं नाव दिलं होतं ‘गळती भरपाई आकार’. नाव ठेवण्यात कंपनीचा हात कुणी धरला नसता. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. बिलाच्या पाठीमागे आकारांची अशी ओळ होती की लोक पुढची रक्कम बघून भरून टाकत आणि पाठ कधी वाचत नसत.

पाठ वाचायला वैजयंताला शिकवलं तिच्या मामांनी. विरूपाक्ष हावळ, वय अठ्ठ्याहत्तर, येरळापूर वीज ग्राहक मंडळाचे अध्यक्ष. वैजयंता सहा वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि आई तिला घेऊन भावाकडे आली. गावाबाहेर, कालव्याच्या कडेला मामांची बारा मागांची शेड होती. तिथे सुताच्या कांड्या भरता भरता ती मोठी झाली आणि कांड्या भरून झाल्या की मामा तिला विजेचं बिल वाचायला लावत. इतर मुलं परीकथा ऐकत होती त्या वयात तिला ‘मागणी आकार’ म्हणजे काय ते माहीत होतं. पुढे ती बिलं तपासण्याचाच धंदा करू लागली. कमी करून दिलेल्या रकमेचा दहावा हिस्सा तिचा. मंडळाचं चिटणीसपदही तिच्याकडेच होतं, त्याचा हिस्सा शून्य.

मंडळ चालायचं वर्गणीवर, म्हणजे जवळजवळ चालायचंच नाही. वाचवायचं ते दसऱ्याला मंडळाच्या देणगीच्या पेटीत पडणारं एक पाकीट. गेली आठ वर्षं न चुकता. वर लिहिलेलं असायचं, ‘एका भक्ताकडून’. रक्कम विचित्र असायची. पहिल्या वर्षी पंचवीस हजार दोनशे, पुढे सव्वीस हजार सहाशे चाळीस. गोल आकडा कधीच नाही.

"भक्ताला सुटे पैसे फार आवडतात," वैजयंता म्हणायची.

"दानाच्या पाकिटाची चौकशी करू नये," मामा म्हणायचे आणि चहा मागवायचे.

*

त्या वर्षी गणपती उठल्यावर इर्शाद मोमीन मंडळाच्या खोलीत आला. खोली पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती. इर्शाद वैजयंताचा शाळेतला सोबती, मागवाल्याचाच मुलगा, आता कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. त्यानं टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी ठेवली.

"हिरा आणलाय तुझ्यासाठी."

"बायकोला सांगून आणलायस का?"

"तिनंच दिलाय म्हण. माझ्या पगारातून गेलाय."

हिरा मोहरीएवढा होता आणि कारखान्यात बनवलेला. इर्शादनं तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. हिऱ्यात कार्बनचे अणू ताण्याच्या धाग्यांसारखे शिस्तीत बसलेले असतात. मुद्दाम त्यातला एक काढायचा, ती जागा रिकामी ठेवायची आणि शेजारी नायट्रोजनचा एक अणू बसवायचा. त्या रिकाम्या घरावर हिरवा प्रकाश टाकला की ते तांबडं चमकतं. आसपास चुंबकीय क्षेत्र जरा हललं, की ती तांबडी चमक थरथरते. आणि तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतंच. ते भिंतीतून जातं, मातीतून जातं, त्याला कुलूप घालता येत नाही. पूर्वी अशी यंत्रं प्रयोगशाळेत खोलीभर पसरायची. आता ती डब्यात मावत होती आणि डब्यातला गणकयंत्राचा तुकडा त्या थरथरीचा आवाज करून कानात सोडत होता.

"म्हणजे तारेला हात न लावता, मीटर न उघडता?"

"ऐक तर आधी."

तिनं हेडफोन लावले. आधी काहीच कळलं नाही. मग तंबोऱ्याच्या खर्जासारखा एक सूर आला, सलग, न संपणारा, कुठून येतोय ते न कळणारा. त्याच्या अंगावर बारीक बारीक आवाज बसले होते. खालच्या गिरणीची घरघर, रस्त्यापलीकडचा फ्रीज आणि त्यांच्यामागे पावसासारखी कोसळणारी हजारो मागांची खटखट.

"हा खर्ज कुणाचा?"

"देशाचा," इर्शाद म्हणाला. "काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जेवढी जनित्रं फिरतात, ती सगळी एका ठेक्यात फिरतात. सेकंदाला पन्नास. एकानंही ठेका सोडून चालत नाही. तू इथे बटण दाबलंस की कोयनेच्या डोंगरात फिरणारं चाक केसाच्या कोट्यांश भागाइतकं जड होतं. सगळ्यांनी एकदम दाबली की ठेका किंचित उतरतो. थांब, बारा वाजतायत. शेतीपंपांची पाळी सुरू होईल."

बारा वाजले. खर्ज उतरला. इतका थोडा, की एरवी कळलाही नसता. पण वैजयंताला तो पोटात कळला, जत्रेतला पाळणा खाली येताना कळतं तसा. कुठेतरी लाखो पंपांनी एकदम पाणी ओढायला घेतलं होतं. मग कुठल्याशा धरणाचं दार उघडलं असावं. सूर सावकाश वर आला आणि आपल्या जागी बसला.  चाळीस वर्षं ती बिलं वाचत होती आणि ज्याची बिलं वाचत होती ते तिनं आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

 मग हेडफोन काढून तिनं जे विचारलं ते फक्त तिलाच सुचलं असतं.

"हे सगळं कुणी लिहून ठेवतं का?"

"हे स्वतःच लिहिलं जातं. खर्जाची ही नागमोडी रेघ दर सेकंदाला बदलते आणि एकदा झाली तशी पुन्हा कधी होत नाही. देशभरच्या विजेचा तोल राखणाऱ्या भारकेंद्रात तिची नोंद असते, कुणालाही बघता येते. त्यामुळे आपण घेतलेल्या नोंदीतला एक सेकंद जरी कुणी कापला तरी रेघ जुळत नाही."

"मग सांग, अठरा युनिट कुठे जातात?"

इर्शादनं मान हलवली. "एवढ्या मागांच्या गोंगाटात नाही सांगता येत. जत्रेत कुजबूज ऐकायची म्हणतेस तू."

वैजयंता खिडकीतून बाहेर बघत होती. खालच्या गल्लीत झेंडूची पहिली टोपली आली होती.

"खंडेनवमीला ऐकू," ती म्हणाली. "माग चोरत असतील, तर माग थांबल्यावर गळतीही थांबायला हवी."

*

वर्षात एकच दिवस येरळापूरचे माग झाडून सगळे थांबतात. खंडेनवमीला. आदल्या दिवशी माग पुसतात, तेल देतात. सकाळी हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. मग दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. कर्जाचे हप्ते थकलेले असोत, ऑर्डर अंगावर आलेली असो, माग बंद म्हणजे बंद. त्या दिवशी गावातली तान्ही बाळं रडतात. खटखट नसली की त्यांना झोप लागत नाही.

इर्शादनं गावाभोवती बारा पेट्या ठेवल्या. आवाज कुठून येतो ते बारांच्या ताळ्यातून ठरणार होतं. मामा पेट्या बघायला आले नाहीत. गुडघे दुखत होते. विणकरांच्या चौंडेश्वरी देवीच्या मिरवणुकीलाही ते दोन वर्षं येत नव्हते.

सकाळी दहाला दोघं मंडळाच्या खोलीत हेडफोन लावून बसले. पावसाचा जोर कमी होत जावा तशी मागांची खटखट विरळ होत गेली. एका गल्लीतली गेली, मग पेठेतली, मग तळ्याकाठची. मग पंखे आणि फ्रीज उरले, आणि ते इर्शादनं चाळून बाजूला केले. खाली उरला देशाचा खर्ज.

आणि त्या खर्जाच्या खाली आणखी काहीतरी होतं.

आधी तिला वाटलं, आपल्याच कानातलं रक्त वाजतंय. रुंद, मंद, ओलसर असा एक आवाज. इर्शादनं पडद्यावर गावाचा नकाशा लावला आणि बारा पेट्यांचा ताळा केला. पडद्यावर एक रेघ उमटू लागली. ती तारांच्या बाजूनं जात नव्हती. ती कंपनीनं आठ वर्षांपूर्वी जमिनीत पुरलेल्या केबलच्या बाजूनं निघाली आणि ठिकठिकाणी, गाठीगाठीपाशी, बाहेर सांडली. सांडलेली वीज ओल्या काळ्या मातीत उतरत होती, मातीतून कालव्याच्या ओलीकडे सरकत होती आणि कालव्याच्या कडेकडेनं परत उपकेंद्राच्या दिशेला वाहत होती. शाळेखालून, बाजाराखालून, चौंडेश्वरीच्या देवळाखालून. गावाच्या पायाखाली एक नदी होती आणि आठ वर्षं तिच्यावरून ये-जा करून कुणाला पत्ता नव्हता.

"मोज," वैजयंता म्हणाली. 

"तीनशे चाळीस सांधे आहेत केबलला. प्रत्येकातून थोडी थोडी. फ्यूज जाण्याइतकी कुठेच नाही." इर्शादनं कपाळ पुसलं. "म्हणून तर गुरवांच्या म्हशी कालव्यात उतरत नाहीत, वैजू! अंगाला मुंग्या येत असतील त्यांच्या. आपण म्हणायचो, म्हशी माजल्यात."

दोघंही हसले, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आठ वर्षं ज्या चोराला कंपनी आणि मंडळ दोघं मिळून शोधत होते, तो चोर म्हणजे ओली जमीन होती.

"बरोबर अठरा?"

"जवळजवळ. जरा..." इर्शाद थांबला. "जरा कमी. बारकंसं काहीतरी उरतंय. बघ, हे ऐक."

त्यानं नदीचा आवाज बारीक केला. खूप लांबून, एकटी, खटखट आली. तीन ठोके, आणि चौथा किंचित उशिरा. तीन, आणि चौथा उशिरा.

अकरा हजार माग हार घालून बसले होते आणि एक माग चालू होता.

इर्शाद नकाशावर ठिकाण शोधू लागला. वैजयंताला नकाशा लागला नाही. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून परतताना अडखळणारा तो माग तिला सात वर्षांची असल्यापासून पाठ होता. त्याच्याच शेजारी बसून तिनं कांड्या भरल्या होत्या.

*

ती स्कूटरवरून शेडवर पोचली तेव्हा गावात मिरवणुकीचे ढोल वाजत होते. शेडमध्ये अकरा माग झेंडूच्या माळा घालून गप्प उभे होते. पत्र्याच्या आडोशामागे बारावा चालू होता, बिनमाळेचा. हा माग मामा स्वतःच चालवायचे, दिवसाला आठ तास. कामगारांना हात लावू द्यायचे नाहीत. सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याचा जीव आहे जुन्या मागावर. खांबावरून आलेली एक काळी तार मीटरला वळसा घालून त्याच्या मोटरपाशी उतरली होती. एवढ्या वर्षांत वैजयंतानं ती कधी बघितली नव्हती. घरच्या माणसाचं मीटर कोण तपासतं?

मामांनी तिला पाहिलं आणि माग थांबवला.

"तुझ्या इर्शादच्या डब्याला एवढंबी ऐकू येतंय व्हय?"

"मामा, किती वर्षं?"

"पयलं पाकीट कवा पडलं तुझ्या पेटीत?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. मामा स्टुलावर बसले, गुडघ्यावर हात ठेवून.

"वकिलाला पैसं द्यायचं व्हतं. वर्गणी मागाय गेलो तर लोक म्हणायचं, मामा, तुमी लढा, आमी हाय पाठीशी. पाठीशी लई जण हायती, खिशाशी कोण न्हाई. मग हा एक माग काढला मंडळासाठी. दिसाला बारा युनिट. वर्साला तीनशे दिस. बिल किती झालं असतं ते मांडायचं आन तेवढं तुझ्या पेटीत टाकायचं. एक पैसा खाल्ला न्हाई मी. पैसं भरलं, फकस्त पत्ता बदलला."

"कंपनीची वीज, कंपनीविरुद्ध."

"तेवढीच मजा," मामा म्हणाले, पण हसले नाहीत.

"मग आज बंद का नाही ठेवला? एक दिवस! आज बंद असता तर जगात कुणाला कळलं नसतं."

मामा अकरा मागांच्या माळांकडे बघत राहिले.

"बंद ठिवला तर पूजा कराय लागती. बंद मागाला हार घातल्याबिगर ऱ्हाता येत न्हाई. आन ह्याला हार घालाय माझा हात उठंना. नऊ खंडेनवम्या झाल्या. चालू ठिवला की तेवढं टळतंय."

"तुम्ही म्हणता पैसे भरले. मग हात का उठत नाही?"

 मामांनी कोपऱ्यातला तांब्या उचलला, पाणी प्यायलं आणि तांब्या पुन्हा तिथेच ठेवला.

"आता काय करनार?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"सहा दिसांनी सुनावनी हाय."

"माहीत आहे, मामा."

*

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, देणगीच्या पेटीत पाकीट पडलं होतं. ‘एका भक्ताकडून’. एकोणचाळीस हजार सहाशे. वैजयंतानं जमाखर्चाची वही काढली, नऊ वर्षांची पाकिटं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येक रकमेला त्या त्या वर्षीच्या मागाच्या दरानं भागलं. सात रुपये दर असताना पंचवीस हजार दोनशे. सात रुपये चाळीस पैशाला सव्वीस हजार सहाशे चाळीस. अकरा रुपयांना एकोणचाळीस हजार सहाशे. दर वेळी उत्तर एकच आलं, तीन हजार सहाशे युनिट. चोरीचं बिल इतक्या चोखपणे कुणी भरलं नसेल. आणि हे आकडे स्वतःच्या हातानं लिहून, सुट्या पैशांवर विनोद करून, तिनं नऊ वर्षं वहीचं पान उलटलं होतं.

इर्शाद समोर बसला होता.

"पुसता येईल?" तिनं विचारलं. त्याच्याकडे न बघता.

"मागाचा आवाज पुसता येईल. पण तो माग खर्जावर जे ओझं टाकतो ते उरेल, आणि बेरीज तेवढ्यानं चुकेल. कंपनीचा एखादा हुशार माणूस चार दिवसांत शोधून काढेल. मग तीनशे चाळीस सांध्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही." त्यानं समोरच्या पेटीचं झाकण लावलं. "नोंद दाखल नाही केली, तर कुणालाच काही कळणार नाही. मी पेट्या घेऊन जाईन. मला मामांनी दोन वर्षं फी भरून शिकवलंय, वैजू. मी तोंड उघडणार नाही."

"आणि तेवीस हजार घरं दोन रुपये भरत राहतील."

"हो."

ती पाच दिवस कुणाशी धड बोलली नाही. मामांकडे जेवायला गेली, तेव्हा दोघंही आमटीबद्दल बोलले. मामांनी ‘दाखल करू नको’ असं एकदाही म्हटलं नाही आणि ‘कर’ असंही नाही. त्यांनी तिला आधीच फार गोष्टी शिकवून ठेवल्या होत्या, आणखी एक सांगायची त्यांना लाज वाटत असावी. पाचव्या दिवशी तिनं गळतीचा ताळेबंद टाइप केला. गावात शिरलेल्या दर एक लाख युनिटांमागे, केबलच्या सांध्यांतून जमिनीत सतरा हजार नऊशे शहाण्णव. एका यंत्रमागाला थेट तारेवरून, चार. पुढे मालकाचं नाव लिहायच्या जागी तिची बोटं थांबली. मग तिनं नाव लिहिलं, नात्यासकट.

*

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, नियोजन भवनात झाली. आयोगाच्या अध्यक्षबाई, दोन सदस्य, कंपनीचे नऊ अधिकारी आणि त्यांचे वकील मिरजगावकर. मागे तीन-चारशे ग्राहक. निम्मे लढायला, निम्मे दुपारच्या जेवणाला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "ऐकवा."

इर्शादनं सभागृहाच्या ध्वनिक्षेपकांवर नोंद लावली. खर्ज सुरू झाला. लोकांची कुजबूज चालू होती, ती आपोआप थांबली. मोबाईल बघणारे अधिकारी वर बघू लागले. एवढा मोठा देश एका सुरात गात असल्याचं त्या सगळ्यांनी पुस्तकात वाचलं होतं, काहींनी त्यावर पगारही घेतला होता. ऐकलं कुणीच नव्हतं. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. मग मागांचा पाऊस ओसरला आणि खालची नदी वर आली. पडद्यावर तिची रेघ शाळेखालून गेली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईनं पाय उचलून खुर्चीवर घेतले. कुणी हसलं नाही.

शेवटी तो एकटा माग. तीन ठोके, चौथा उशिरा.

मिरजगावकर उठले. त्यांनी ताळेबंद वाचलेला होता.

"बाई, चोरी होते हे तुम्हीच मान्य करता तर."

"करते. लाखात चार."

"आणि हा चोर तुमच्या मंडळाचा अध्यक्ष?"

"आणि माझा मामा. लिहिलंय तिथे."

"कुठाय हे गृहस्थ?"

मागच्या रांगेतून मामा उठले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "मी हाय. विरूपाक्ष हावळ. गुडघं दुखत्यात, बसून बोललं तर चालंल का?"

सभागृहात गलका झाला. वैजयंतानं मागे वळून पाहिलं नाही. मिरजगावकरांनी गलका ओसरू दिला आणि मग आपलं खरं पान टाकलं. "अध्यक्ष महोदया, चोरांच्या मंडळानं बनवलेली ही नोंद आहे. हिऱ्याच्या डब्यातून काय ऐकवायचं ते यांच्या हातात. ही खरी कशावरून?"

अध्यक्षबाईंनी ताळेबंदाचं पान उलटलं.

"वकीलसाहेब, मीही तोच विचार करत होते," त्या म्हणाल्या. "खर्जाची रेघ आमच्या तंत्रज्ञांनी भारकेंद्राशी ताडून पाहिली, ती जुळते. पण ते राहू द्या. खोटी नोंद बनवायला बसलेला माणूस त्यात काय काय घालेल याचा मी विचार केला. आपल्याच अध्यक्षाचा माग तो घालेल, असं मला वाटत नाही."

मिरजगावकर खाली बसले. मामांनी टोपी डोक्यावर घातली आणि तेही बसले.

*

आदेश चार आठवड्यांनी आला. गळती भरपाई आकार रद्द. केबलचे तीनशे चाळीस सांधे कंपनीनं स्वखर्चानं उकरून बदलायचे. आणि कलम सात: बाराव्या मागाची नऊ वर्षांची वीज, त्या त्या वर्षीच्या दरानं, दुप्पट वसूल करावी. मंडळाला दिलेल्या पाकिटांची वजावट मागायचं इर्शादनं सुचवलं होतं. मामा म्हणाले, "दानाची पावती दाखवून चोरी माफ करून घ्यायची व्हय रे?"

मामांना भेटायला सतरा जण आले. त्यातले नऊ जण जाताना आपलं बिल तपासून द्या म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला शेड रिकामी होती. अकरा मागांच्या जागी जमिनीवर अकरा तेलकट चौकोन उरले होते. आडोशाचा पत्रा काढला होता आणि बारावा माग भिंतीवर नव्या मीटरला जोडलेला, पुसलेला, बंद. मामांनी त्याला हळदकुंकू लावलं. मग ते माळ घालू लागले. वैजयंतानं एक टोक धरलं. मग इर्शादनं आणलेल्या पेटीचे हेडफोन तिनं कानाला लावले. खंडेनवमीची शांतता पहिल्यांदाच पुरी होती. खालची नदी आटली होती. कालव्यात गुरवांच्या म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात होत्या. आणि सगळ्याच्या वर, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, तो एक सूर. तिनं हेडफोन काढून मामांच्या कानाला लावले. मामांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत.

"केवढं मोठं हाय गं हे," ते म्हणाले. "आन आपन बारा युनिटासाठी..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

आता ताळेबंद. येरळापूरच्या तेवीस हजार ग्राहकांचे युनिटमागे दोन रुपये वाचले, त्यांनी काही भरलं नाही. कंपनीनं केबलचे भरले. पुढच्या वर्षीच्या दरात ते कुठल्या नावानं येतात यावर वैजयंताची नजर आहे. मामांची वसुली पाच लाख एकाहत्तर हजार सहाशे ऐंशी. अकरा माग भंगारात गेले, तेरा हजार पाचशे बावीस किलो, किलोला चाळीस रुपये. आले पाच लाख चाळीस हजार आठशे ऐंशी. कमी पडले तीस हजार आठशे. तेवढे वैजयंतानं पतपेढीतून बिनव्याजी उचलले, महिना चारशे बारा रुपयांच्या हप्त्यानं. पंचाहत्तर महिने. शेवटच्या हप्त्याला तीनशे बाराच भरायचे आहेत, म्हणजे सव्वासहा वर्षांनी या सगळ्यातून तिच्या हाती शंभर रुपये उरतील. तिनं त्याखालीही दोन रेघा ओढल्या आहेत, आणि पुढे पेन्सिलीनं लिहिलंय: बाराव्या मागाचा हार.